गाडीतला परका

डेल्मर स्टॉफर मार्चमध्ये वारला आणि एप्रिलपासून इंजिनातून बोलू लागला, असं त्याच्या बायकोचं, आर्डिथचं, म्हणणं होतं.

त्याची एकोणसत्तर सालची लाल गाडी अमेरिकेतल्या टोलेडो शहराबाहेरच्या घरात, गॅरेजमध्ये उभी असे. दर रविवारी चर्चहून आल्यावर आर्डिथ गॅरेजचं दार वर करी, गाडी चालू करी आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसे. आठ सिलिंडरांच्या घरघरीतून ठक, ठक, ठक येई. डेल्मर वैतागला की स्टिअरिंगवर बोटाने असंच वाजवायचा. ती त्याला आठवड्याच्या बातम्या सांगे. मुलाला, रॉडनीला, यात वावगं दिसलं नाही. समोरच्या बाई मेलेल्या कुत्र्याला ख्रिसमसचं कार्ड पाठवत, आणि मागच्या वर्षी त्याचं उत्तरही आलं होतं.

पण ऑक्टोबरात ठोका वाढला. डेल्मरचा मित्र ओरेन पिकेट, ज्याचा जन्म इंजिनं खोलण्यात गेला, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून उभा राहिला. मग त्याने गाडी बंद केली.

"बेअरिंग गेलंय, आर्डिथ. असंच चालवलंस तर रॉड ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं लोखंडी धडच, फोडून बाहेर येईल. हे खोलून नवं करा, नाहीतर खोक्यातलं कोरं इंजिन आणून बसवा."

"डेल्मर कशात राहील?"

ओरेनने प्रश्न कामाचा असल्यासारखा विचार केला. "बेअरिंगमध्ये असेल तर गेलाच. ब्लॉकमध्ये असेल तर वाचेल. पण साफ करायला ब्लॉक उकळत्या सोड्यात बुडवावा लागतो."

"उकळत्या? मेला आंघोळीलासुद्धा कोमट पाणी घ्यायचा!"

गाडी रॉडनीच्या नावावर होती, म्हणजे बापाचं काय करायचं हेही त्यालाच ठरवायचं होतं. "हेच दुरुस्त करू," तो म्हणाला. "मूळचं इंजिन टाकलं तर बाबा थडग्यातून उठून येतील."

ते खरंच होतं. इंजिनाचा नंबर चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नंबराशी जुळला नाही तर इंजिन मूळचं नाही, आणि मग इथल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत लोक मालकाकडे ढुंकूनही बघत नाहीत. ओरेनने आपल्या गाडीत दुसरं इंजिन बसवलं, तेव्हा डेल्मरने त्याच्याशी अकरा वर्षं अबोला धरला होता.

ओरेनने सवयीने ब्लॉकवरचं ग्रीस पुसून नंबर वाचला. परत पुसून परत वाचला. मग रॉडनीला काचेखालचा चेसिस नंबर मोठ्याने वाचायला लावला. साताचा एक आकडा सोडला तर काहीच जुळत नव्हतं.

ओरेन उपड्या बादलीवर बसला. "अकरा वर्षं. माझ्या बायकोच्या मयतालासुद्धा आला नाही हा."

"मग हे इंजिन कोणाचं?" आर्डिथने विचारलं.

"देव जाणे. ठोकलेल्या गाडीतून काढलं असेल. ती गाडी चालवणारा बहुतेक..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"म्हणजे इतके महिने मी बोलते कोणाशी?"

ओरेन ग्रीसचे हात पँटला पुसू लागला.

"मी त्या माणसाला माझ्या ऑपरेशनचं सगळं सांगितलंय," ती म्हणाली.

"तर मग खोक्यातलंच आणू," रॉडनी म्हणाला. "परक्यासाठी कशाला एवढा खटाटोप?"

"किंवा हा नंबर घासून चेसिसचा ठोकू," ओरेन म्हणाला. "आकडे ठोकायचे पंच आहेत माझ्याकडे. सगळेच करतात."

"खबरदार!" आर्डिथ म्हणाली. "माझं आडनाव घासून याच्या बापाचं ठोकलं, तेव्हा मला कोणी विचारलं होतं का? आणि परका म्हणे! डेल्मरने जन्मात माझं एक वाक्य पुरतं ऐकलं नाही. यानं सगळं ऐकलं. रॉडनी, याला टाकून दिलं तर मोडून पडेल रे तो."

रॉडनीने आईकडे पाहिलं. ती बापाच्या मयतालाही एवढी घाबरलेली नव्हती.

"दुरुस्त करा, ओरेनकाका," तो म्हणाला. "नंबर राहू द्या."

सोमवारी तेल काढून इंजिन गाडीतून उतरवलं आणि वर्कशॉपला न्यायला ओरेनच्या व्हॅनमध्ये साखळीने बांधलं. आर्डिथ कोट घालून, पर्स घेऊन मागे इंजिनाशेजारी चढली.

"आई, पुढे बस."

"त्याला तिथे कोण ओळखतं? एकटा कसा जाईल?"

रॉडनी आपल्या गाडीतून मागोमाग निघाला. व्हॅनच्या मागच्या काचेतून आई दिसत होती. तिचे ओठ सिग्नलपर्यंत हलत होते, मग थांबले. तिने कान त्या थंड लोखंडाजवळ नेला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिने मान डोलावली आणि नीट ऐकू आलं ना, याची खात्री करावी तसं एक नाव हळूच म्हणून पाहिलं.

ओठांवरून नाव काही कळलं नाही. पण ते डेल्मर नव्हतं.