अर्पिताची रेघ, हर्षदीपची सही

नार्नूरच्या राजकुमार मास्तरांना दोन लेकरं. थोरला हर्षदीप आदिलाबादला ग्राफिक डिझाइन शिकत होता आणि वर्गात पहिला होता. धाकटी अर्पिता इंटर, म्हणजे बारावी, होऊन घरी बसली होती. या दोघांत चित्रं कोण काढतं असं विचारलं असतं, तर उभ्या नार्नूरनं हर्षदीपचं नाव सांगितलं असतं. गावाचं सोडा, सख्ख्या बापानंही तेच सांगितलं असतं. खरं काय ते आई आणि दोन लेकरं, अशा तिघांनाच ठाऊक होतं, आणि तिघंही मूग गिळून बसली होती.

सुरुवात अगदी साधी झाली. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून हर्षदीपनं या कॉलेजची वाट धरली. तिथं प्रवेशाला स्वतःच्या हातची चित्रं दाखवावी लागत. त्याच्याकडं एक नव्हतं, अर्पिताकडं पेटीभर होती.

"दोन-चार देतं का वं? मुलाखतीपुरतेच," तो म्हणाला.

आई, सुवर्णाबाई, भाकरी थापता थापता बोलली, "दे ना. भावाचं बरं झालं तं तुलेच माहेर राहीन."

अर्पितानं दिली. भोळ्या माणसाकडून एकदा घेतलं की दुसऱ्यांदा मागायला कोणाला लाज वाटत नाही. कॉलेज सुरू झालं आणि हर्षदीप दर रविवारी बसनं घरचा अभ्यास घेऊन यायला लागला. वर्गात काढायची वेळ आली की त्याचा हात मुरगळलेला असायचा. घरचं काम मात्र असं अव्वल, की सरांनी मुरगळलेल्या हाताकडं कधी नीट पाहिलंच नाही.

सरांनी काय शिकवलं ते तो जेवता जेवता सांगायचा. आधी अंगाचा झोक पकडायचा, मग हाडं, कपडे सगळ्यात शेवटी. सांगायला गडी हुशार. पेन्सिल हातात दिली की मात्र माणसाचं लाकूड करायचा. अर्पिता ऐकायची आणि आठवडाभर गिरवायची: आईचे हात, दारातली सायकल, बाजारातल्या बाया. हळूहळू तिची एक तऱ्हा तयार झाली. सावलीच्या बारीक रेघा ती गालाच्या गोलाईबरोबर वळवायची आणि उजेडाच्या जागी कागद मोकळा सोडायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मिरच्या विकणाऱ्या सोजरबाईचा सुरकुतलेला चेहरा काढता काढता ते तिच्या हाताला सापडलं होतं.

मग हर्षदीप ते चित्र स्कॅन करून टॅबवर रंग भरायचा. रंगाची त्याला जाण होती, खोटं कशाला बोला. पण रेघ हिची आणि खाली सही त्याची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

रविवारी दुपारी दादा झोपला की अर्पिता त्याचा टॅब मांडीवर घ्यायची. पहिल्यांदा काचेवर पेन नुसता घसरला. कागद हाताला जरा अडवतो, काच अडवत नाही. चुकलेली रेघ बोट टेकवून पुसता येते याचं तिला आधी नवल वाटलं, मग राग आला, कारण पुसता येतं म्हटल्यावर हात बेफिकीर होत होता. तिनं पुसायचं बंद केलं. कागदावर काढतात तशी एकदाच, विचार करून रेघ ओढायला लागली, तेव्हा कुठं काचेवरही तिची सोजरबाई सोजरबाईसारखी दिसली. तिला इतका आनंद झाला की दादाला उठवून दाखवावं वाटलं. तिनं चित्र तसंच ठेवलं. पुढच्या महिन्यात हर्षदीपला त्याचं बक्षीस मिळालं.

त्या दिवशी अर्पितानं ठरवलं, आपणही याच कॉलेजात जायचं. मास्तर लगेच कबूल झाले. "दादा हायच तिथं. काळजी नाई." मुलाखतीसाठी तिनं नवी चित्रं काढली, कारण जुनी चांगली सगळी दादाच्या नावावर गेली होती. मुलाखत तोंडावर आली तेव्हा हर्षदीपचा फोन आला.

"अर्पे, फाइलीत बाजार नको घालू. सोजरबाई तं बिलकुलच नको."

"काऊन?"

"तिचं चित्र इथं भिंतीवर लागलं हाय."

"मंग मी काय काढू? विमानतळ?"

तिनं फोन ठेवला आणि सोजरबाई सगळ्यात वर ठेवली. जे येतं ते दाखवायचं, त्यात भ्यायचं काय? असं तिला वाटलं. तिथंच ती फसली.

कॉलेजच्या व्हरांड्यात ते चित्र खरंच होतं, काचेच्या चौकटीत. मास्तर त्यापुढं उभे राहिले, चष्मा पुसून त्यांनी खालचं नाव वाचलं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "माह्या पोराचं हाय." अर्पिता मागंच उभी होती. बापाचा चेहरा इतका फुलला होता की तिनं मान दुसरीकडं वळवली.

आत नरसय्या सर होते, चित्रकलेचे मोठे मास्तर. त्यांनी फाइल उघडली, पहिलं चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं आणि हसले. "ये तो पूरा हर्षदीप का हाथ है."

"सर, ये मैंने बनाया है."

"बनाया तुमनेच होगा, बेटा. लेकिन नकल है. औरत भी वही ली, लाइन भी वही."

अर्पिताचे कान तापले. "मेरे को कागज दो सर. अब्बी बनाती."

सरांनी कागद दिला. समोर सरांचेच हात होते, टेबलावर एकमेकांत गुंतवलेले. तिनं झोक पकडला, हाडं बसवली, सावलीच्या रेघा बोटांच्या गोलाईबरोबर वळवल्या, नखांवर उजेड सोडला. इतकं चांगलं तिनं कधी काढलं नव्हतं. सरांनी कागद उचलून दिव्याकडं धरला आणि कौतुकानं मान हलवली. "वही हाथ. कितनी प्रॅक्टिस की होगी इसने!"

जितकं खरं काढावं तितकी चोरी पक्की होत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी, आणि तीही संन्याशाच्याच दोरीनं.

सरांनी हर्षदीपला बोलावलं. "इसको तुमने सिखाया?"

हर्षदीपनं बहिणीकडं पाहिलं. खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. "हाँ सर," तो म्हणाला, "बचपन से."

"तो जरा समझाओ, अलग लाइन कैसी होती." आणि सरांनी पेन्सिल त्याच्यापुढं धरली.

हर्षदीपचं तोंड पांढरं पडलं. आता त्यानं एक रेघ ओढली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. त्याची पदवी, आदिलाबादची ठरलेली नोकरी, व्हरांड्यातली चौकट. अर्पितानं नुसतं गप्प बसायचं होतं. पण त्याला झाकायची सवय जुनी होती, आणि तिचं तोंड तिच्या आधी धावलं.

"सर, दादा का हाथ मुरगळ गया है."

सरांनी पेन्सिल ठेवून दिली. तिची फाइल मिटून तिच्याकडं सरकवली आणि अगदी मायेनं म्हणाले, "हमको दूसरा हर्षदीप नहीं चाहिए, बेटा. अपना हाथ ढूँढो. अगले साल आओ."

बाहेर मास्तर वाट पाहत होते. "झालं का? काय म्हनले?"

हर्षदीपच बोलला, "यंदा नाई झालं. पन सर म्हनले पप्पा, हिचा हात अगदी माह्यासारखाच हाय."

"मंग! बहीन कोनाची हाय!" मास्तरांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात झटकावा असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. भावापेक्षा जास्त राग तिला स्वतःचा आला.

हर्षदीप बसस्टँडपर्यंत आला. ती खिडकीजवळ बसली, शेजारी मास्तर. त्याचं शेवटच्या वर्षाचं मोठं काम बाकी होतं. त्यानं खालून कागदांची गुंडाळी वर केली आणि बापाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "एवढं शेवटचंच, अर्पे. मंग कवाच नाई मागनार."

मास्तर तिची समजूत घालत होते. "रुसू नको. एक वर्स घरी राह्य. दादा रविवारी येतेच, त्याच्यापासून नीट शिकून घे."

अर्पितानं गुंडाळी हातात घेतली, भावाच्या डोळ्यांत पाहिलं आणि सोडून दिली. गुंडाळी सुटली, कागद फलाटभर पसरले. बस हलली तेव्हा हर्षदीप लोकांच्या पायांतून ते वेचत होता.

मास्तरांनी वाकून बाहेर पाहिलं. "काय पडलं वं त्याचं?"

"कोरे कागद," अर्पिता म्हणाली. "तेवढेच त्याचे हायत, पप्पा."