चौदाव्या बैठकीचा कागद

"मी यायचा नाही. एकदा नाही म्हणलं ना, मग नाही."

तळकाका विहिरीच्या कडेला वाकून दोर ओढत होता. दोराला टोपलं, टोपल्यात त्यानंच खाली उतरून भरलेले दगड. खाणीतल्या सुरुंगाच्या हादऱ्यानं आतलं बांधकाम पुन्हा ढासळलं होतं, आणि सकाळपासून हे त्याचं सातवं टोपलं होतं.

"मामा, तुम्ही नाही आलात तर मी कुणाला नेऊ?" सून पदरानं घाम टिपत म्हणाली. "बैठकीला चाळीस माणसं दाखवायची असतात. एकोणचाळीस झालीत."

"मग एक बुजगावणं ने. तेपण बोलत नाही."

तळकाका म्हणजे पंचक्रोशीतला विहिरी खणणारा. खडकाला हात लावल्याशिवाय वर यायचा नाही, म्हणून हे नाव पडलं. उभ्या आयुष्यात त्यानं साठेक विहिरी खणल्या. आता त्यांतल्या निम्म्या कोरड्या पडल्या होत्या. टेकडीपलीकडं सिमेंटची कंपनी आली, दगडाची खाण सुरू झाली, आणि पाणी खाली खाली गेलं. आता कंपनीला गावाच्या पूर्वेला, ओढ्यालगत, दुसरी खाण काढायची होती. त्यासाठी गावाशी बोलणं झालं असं कागदावर लागत होतं.

कंपनी मात्र थेट बोलत नसे. कंपनीच्या वतीनं एक संस्था बोलायची, संस्थेच्या वतीनं सून बोलायची, आणि सून घरी येऊन सासऱ्याशी बोलायची. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. संस्थेची नोकरी तिनं धडपडून मिळवली होती.

तिचा उतरलेला चेहरा बघून म्हाताऱ्यानं दोर खुंट्याला बांधला. "चल. पण बोलायला लावू नकोस. घसा बसलाय बोलून बोलून."

बैठक शाळेच्या खोलीत होती. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. भिंतीला 'आपण सारे भागीदार' असं कापड लावलेलं. कंपनीचा साहेब नवीन होता, सहा वर्षांतला पाचवा. त्यानं पडद्यावर एक चित्र दाखवलं: मधोमध कंपनीचा मोठा गोल, भोवती पुरवठादार, सरकार, संस्था, कामगार असे लहान गोल. कोपऱ्यातल्या एका गोलात 'गाव' लिहिलं होतं.

"मी आज सांगायला नाही, ऐकायला आलोय," साहेब म्हणाला.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आधीचा पण ऐकायलाच आला होता. ऐकून ऐकून बदली झाली त्याची."

खसखस पिकली. साहेब कसनुसा हसला आणि नेमका तळकाकाकडं वळला. "काका, तुम्ही जाणते आहात. तुमचं म्हणणं मांडा ना."

तळकाका उठला नाही. बाकातून उठणंच अवघड होतं.

"तेरा वेळा मांडलंय, साहेब. प्रत्येक बैठकीला तेच. आता नवीन काय मांडू? आधीचं कुठं ठेवलंय, तेवढं दाखवा."

साहेबानं संस्थेच्या बाईंकडं पाहिलं. बाईंनी सुनेकडं. बैठकांच्या नोंदींची जाडजूड फाईल सुनेच्याच मांडीवर होती.

"वाच की," म्हातारा म्हणाला. त्याला खरोखरच ऐकायचं होतं.

सुनेनं फाईल उघडली. पानं उलटता उलटता तिचा हात मंदावला. मग खाली बघत तिनं वाचलं, "पाण्याविषयी किरकोळ चर्चा झाली. ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केलं."

"पुढची?"

"तेच आहे, मामा."

"त्याच्या पुढची?"

"सगळीकडं तेच आहे." तिनं फाईल मिटली. "शेवटच्या सहा नोंदी माझ्या अक्षरातल्या आहेत. मला सांगितलं तसं मी लिहीत गेले."

तळकाका संतापेल असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं नुसतेच डोळे मिटले. इतकी वर्षं आपण बोंबलत होतो, आणि ते बोलणं आपल्याच घरात जेवायला वाढणाऱ्या हातानं पुसलं जात होतं. रागवायला अंगात जोर लागतो, तो कुठून आणायचा?

मग तो म्हणाला, "लिही आता. मी सांगतो तसं. माझ्या विहिरीला पंचवीस वर्षांमागं भर उन्हाळ्यात अकरा हातांवर पाणी होतं. आज तेवीस हातांवर आहे. शाळेमागच्या विहिरीला नऊ हातांवर होतं, आता तळ दिसतो. ओढ्यालगत खाण काढली तर उरलेलं पाणी तिकडं पळेल. हे मी खडक फोडून बघितलंय, कुणाला विचारून नाही."

संस्थेच्या बाई हळूच पुढं झुकल्या. "अगं, थोडक्यात घे. भावनिक मुद्दे नकोत."

सुनेनं मान वर केली नाही. "बाई, यात भावना कुठं आहे? हे पाण्याचं माप आहे."

तिनं अक्षर न् अक्षर लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कागद फिरवला. पण सही कुणी करेना. शेवटी तळकाकाच म्हणाला, "आधी साहेबांची होऊ द्या. खाली आम्ही चाळीसच्या चाळीस करतो."

साहेबानं कागद दोनदा वाचला. पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तो नवा होता. काय लिहायचं नसतं हे त्याला अजून कुणी शिकवलं नसावं. त्यानं सही केली.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. पूर्वेची खाण वर्षभर थांबवली होती. तोवर दर सोमवारी विहिरींचं पाणी मोजायचं, कंपनीच्या माणसानं आणि तळकाकानं मिळून. जुन्या खाणीतले सुरुंग चालूच राहणार होते. सुनेकडून बैठकांचं काम काढून घेतलं आणि तिला तीन तास लांबच्या गावांत रोपं वाटायला धाडलं. ती अंधार पडल्यावर घरी यायची, पाय शेकत बसायची.

"माझ्यापायी झालं," म्हातारा एकदा म्हणाला.

"रोपं तरी उगवतात, मामा," ती म्हणाली. आणि तिनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

सोमवार येत राहिले. गुडघे कुरकुरत होते, तरी तळकाका स्वतः दोर सोडायचा. दुसऱ्याच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता. पहिल्या सोमवारी चोवीस हात भरलं. दुसऱ्या सोमवारी चोवीस. तिसऱ्या सोमवारी कंपनीचा माणूस सावलीत उभं राहून म्हणाला, "काका, राहू द्या आज. चोवीसच असेल, लिहून टाकतो."

"मोजल्याशिवाय नाही."

त्यानं दोर सोडला, ओढला, ओला भाग चाचपला आणि तिथून वरचा दोर हातानं मोजला. चोवीसच. मग त्यानं त्या माणसाच्या हातातली वही घेतली, डोळ्यांजवळ धरली. अक्षरं त्याला लागत नव्हती, आकडे लागत होते. बोट ठेवून त्यानं आकडा ओळखला, खात्री केली, आणि मगच अंगठा पुढं केला.