हसायच्या जागा

पंधरा वर्षं मी कप्पीच्या मागे लागलो होतो, की एकदा माझ्या घरी बस आणि ते तीन सिनेमे बघ. इंग्रजांची विनोदी मालिका, तीन भागांची. खाडीवरची एक जुनाट फेरीबोट, ज्याला स्वतःलाच बोट लागते असा कप्तान, ठार बहिरा खलाशी आणि तिकिटं फाडणारी एक खडूस विधवा. मला तिन्ही भाग तोंडपाठ आहेत. कप्पी लिफ्टचा मेकॅनिक, शाळेपासूनचा मित्र, माझ्यासाठी जीव टाकील असा. पण या सिनेमांचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या. "त्या गोऱ्यांचा विनोद कळायला आधी सर्दी व्हावी लागते," म्हणायचा. मी दर वेळी चिडायचो, आणि मी चिडतो म्हणून तो दर वेळी हसायचा.

सोमवारी दुपारी तो माझ्या चष्म्याच्या दुकानात आला. मी एका गिऱ्हाइकाची काच फ्रेमच्या मापात घासत होतो. तो काउंटरला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ते तीन सिनेमे मला दाखव. गुरुवारच्या आत."

मी मशीन बंद केलं. त्याचा चेहरा बघून थट्टा करायची हिंमत झाली नाही.

बरोबर आठवड्यापूर्वी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये एक मुलगी मेली होती. पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, तेवीस वर्षांची. दुपारी डबा खाऊन खाली निघाली, दार ओढलं, दार उघडलं, तिने आत पाऊल टाकलं. लिफ्ट तेव्हा तळमजल्यावर होती. हे सगळं पेपरात आलं होतं. लिफ्टच्या दाराला कुणीतरी वायर लावून ठेवली होती, हेही आलं होतं. ती वायर कुणी लावली ते मात्र कप्पीने मला त्या दिवशी काउंटरवर सांगितलं.

त्या दाराचं कुलूप झिजलं होतं. दार नीट लागलं नाही तर लिफ्ट जागची हलत नाही, ती सोयच तशी असते. त्यामुळे लिफ्ट सारखी अडायची. इमारतीच्या सेक्रेटरीने कप्पीला कंपनीला न कळवता, खासगीत, रविवारी बोलावलं. नवा भाग बुधवारपर्यंत मिळणार नव्हता. मग कप्पीने दोन स्क्रूंमध्ये बोटभर वायर अडकवली. आता दार लागलेलं नसलं तरी लिफ्टला वाटत होतं की लागलंय.

"तीन दिवसांचा तर प्रश्न होता," तो म्हणाला. "सगळेच करतात रे."

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ती मुलगी पडली. सेक्रेटरीने तोंडाला कुलूप लावलं, कारण तोही अडकला असता. वॉचमन म्हणाला, रविवारी चारच्या सुमाराला कुणीतरी बॅगवाला आला होता, चेहरा आठवत नाही. कंपनीच्या कागदावर त्या लिफ्टला शेवटचा हात लागला होता तो कप्पीच्या कामावरच्या जोडीदाराचा, बारा दिवस आधी. म्हणजे वायर त्याची. साहेबांनी सगळ्या मेकॅनिकना विचारलं, रविवारी कुठे होतात? कप्पीच्या तोंडून निघून गेलं, मित्राकडे होतो, सिनेमे बघत होतो. कुठले? तर त्याला माझेच आठवले.

"तीन सिनेमे म्हटलं की दिवस भरतो ना," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुवारी सरकारी चौकशी अधिकारी तुला बोलावणार आहे."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मी फक्त म्हणालो, "चारला ये."

माझं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. सहा वर्षांपूर्वी बाबांना झटका आला तेव्हा जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. कप्पीने बाबांना पाठीवर घेतलं आणि तीन मजले उतरवलं. त्यानंतर बाबा दोन वर्षं जगले. ती दोन वर्षं कप्पीने दिली, असं आई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तो आला की तिला काय करू आणि काय नको असं होतं. त्या दिवशीही तिने त्याचं तोंड बघितलं आणि मला आत बोलावून विचारलं, "काय झालंय त्याला?"

"नोकरीची भानगड आहे," मी म्हणालो. "तू लक्ष देऊ नकोस."

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत उसवलेले कपडे शिवायला घेऊन बसली. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे मीही निर्धास्त होतो.

पहिला भाग सुरू झाला. सिनेमा चालू असताना कुणी बोललं की माझं डोकं फिरतं, हे कप्पीला ठाऊक आहे. पण तो वही आणि पेन्सिल घेऊन बसला होता. दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "थांबव." ही बाई कोण? हा हिचा नवरा का? बोट विकायचं कोण म्हणतंय? त्याचं अक्षर पहिल्यापासून कोंबडीचे पाय, पण लिहीत होता मन लावून. कप्तान पहिल्यांदा रेलिंगवरून वाकून ओकतो आणि खाली नेमका महापौर उभा असतो, ती माझी आवडती जागा. मी पंधरा वर्षं वाट बघत होतो की कप्पी ती जागा बघेल.

"थांबव," तो म्हणाला. "इथे आपण हसलो होतो का?"

मी रिमोट दाबला. "कधी?"

"रविवारी रे. इथे हसलो होतो का आपण?"

"हसलो होतो," मी म्हणालो. त्याने ते लिहून घेतलं.

मग आम्ही बाकीचंही ठरवत गेलो. चहा कधी झाला. मध्ये लाइट गेले होते का. जेवण करून बसलो की बसून जेवलो. तो कुठल्या खुर्चीवर, मी कुठल्या. आई मान खाली घालून टाके घालत होती. एकदा फक्त म्हणाली, "चहा दोनदा झाला म्हणा. इतका वेळ बसल्यावर एका चहावर कोण राहतं?" कप्पीने एकचं दोन केलं.

दुसऱ्या दिवशी दुसरा भाग. यात बोट धुक्यात भरकटते. आदल्या दिवशीच्या सवयीने असेल, पण अर्ध्या तासाने कप्पी खरोखर हसला. बहिरा खलाशी भलत्याच बंदरावर दोर फेकतो तिथे. मी पण हसलो. आम्ही दोघं शाळेच्या मागच्या बाकावर हसायचो तसे, एकमेकांना ढोसत हसलो. मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली. त्या मुलीला जाऊन आठ दिवस झाले होते.

मग कप्तान शिडीवर चढतो, शिडीची पायरी नसते, आणि तो थेट खालच्या कोठारात कोसळतो. इथे भाषेची गरज लागत नाही. आई खुदकन हसली. कप्पीने वहीत लिहिलं, "काकू हसल्या." लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. पुढचा सगळा भाग तो पडद्याकडे बघत होता, पण त्याला काही दिसत नव्हतं. माझा धंदाच तो आहे, बघणारा डोळा आणि नुसता उघडा डोळा यातला फरक मला कळतो.

बुधवारी तिसरा भाग. यात कप्तानावर खटला भरतात. गावातला पुतळा त्याने बोटीने पाडलेला असतो, आणि अख्खं गाव त्याला वाचवायला खोटी साक्ष द्यायला येतं. एक म्हणतो तो माझ्याकडे पत्ते खेळत होता, दुसरी म्हणते माझ्याकडे दाढदुखीने कण्हत होता, तिसरा म्हणतो पुतळा मुळात नव्हताच. कुणाचंच कुणाशी जुळत नाही. इतकी वर्षं या प्रसंगाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. त्या दिवशी खोलीत कुणीच हसलं नाही.

"यांनी आधी एकत्र बसायला पाहिजे होतं," कप्पी म्हणाला.

सिनेमा संपल्यावर मी त्याला खालपर्यंत सोडायला गेलो. फाटकाशी विचारलं, "जोडीदाराचं काय होईल?"

"नोकरी जाईल. कदाचित आतही जाईल." तो बोलताना चपलेने खडा घासत होता. "मला दोन मुली आहेत."

"त्याला?"

"त्यालाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

जोडीदाराला मी ओळखतो. त्याचा चष्मा माझ्याकडचा. तपासणीला बसलेली माणसं तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नसली तरी अंदाजाने ठोकून देतात, जणू परीक्षाच आहे. हा एकटा माणूस सरळ सांगतो, "नाही दिसत." असा माणूस दार लागलं नसताना लागलं म्हणणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. गुरुवारी सकाळी दुकान उघडताना माझं ठरलं. खरं सांगायचं. कप्पी जन्मभर माझं तोंड बघणार नाही, आई मला कृतघ्न म्हणेल, म्हणू दे. तीन वाजता बोलावलं होतं. तोवर मी चार चष्मे केले, आणि एकाची डावी काच उजवीकडे बसवली.

चौकशी अधिकारी बारीक चणीचा, सभ्य माणूस होता. मी बसलो तोच हसायला लागला.

"तुमच्या मातोश्री म्हणजे कमाल आहे हो. सकाळी आमचा माणूस जबाबाला तुमच्या घरी गेला होता. तासभर सोडलं नाही त्याला."

सकाळी मी दुकानात होतो.

त्याने कागद पुढे ओढला आणि वाचू लागला. "रविवारी मुलाचा मित्र दुपारी तीनला आला. तिघांनी मिळून बोटीचे तीन सिनेमे पाहिले. चहा दोनदा झाला. महापौराच्या अंगावर ओकतो तिथे मुलगा आणि मित्र हसले. शिडीवरून पडतो तिथे मी हसले. कोर्टाचा भाग मला नीट कळला नाही, पण सगळे खोटं बोलत होते एवढं कळलं." त्याने मान वर केली. "शब्द न शब्द त्यांचा आहे. आणि मी पाहिलेत ते सिनेमे. इतके बारकावे बनवून सांगता येत नाहीत."

खाली आईची सही होती. तिच्या सहीत शेवटचं अक्षर नेहमी ओळीखाली घसरतं, तसंच घसरलेलं.

"तुम्हाला काही वेगळं सांगायचंय?" त्याने विचारलं.

"साहेब, त्या रविवारी..." मी सुरुवात केली.

तो थांबला. पेन हातात होतं. मला एवढंच दिसत होतं की पुढचं वाक्य बोललो तर चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई खोटी साक्ष देणारी ठरते. उद्या तिला या खुर्चीत बसवतील.

"रविवारी काय?"

"तीनला नाही," मी म्हणालो. "दोनला आला होता तो. तीन सिनेमे म्हणजे तेवढा वेळ लागतोच."

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि त्याने तीनचं दोन केलं. शेजारी माझी सही घेतली. मला बाहेर पडायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

बाहेरच्या बाकावर जोडीदार बसला होता, बायकोसह. हातात कागदांची पिशवी. मला बघून तो उठूनच उभा राहिला.

"अहो, तुम्हाला कशाला त्रास दिला या लोकांनी?" तो म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "आपले चष्मेवाले." तिने मला नमस्कार केला. मी केलेला नमस्कार तिला दिसला की नाही कोण जाणे, मी जिन्याकडे वळलो होतो.

घरी आलो तर आई दाराशीच.

"झालं ना? सुटला ना तो?"

"सुटला."

"मी सांगितलं सगळं नीट. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, पण जीभ अडखळली नाही बघ." ती खूश होती. मला पाणी दिलं, पंखा लावला. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "पण भानगड होती तरी काय? तो माणूस नुसतं रविवारचंच विचारत होता. चोरीबिरीचा आळ होता का?"

तेव्हा मी तिला सांगितलं. लिफ्ट, वायर, ती मुलगी, तिचं वय. आणि बाकावरचा माणूस, जो आता कप्पीच्या जागी जाणार होता. तीन दिवस आम्ही तिच्या शेजारी बसून एक दिवस बनवत होतो, आणि तो कशावर पांघरायचाय हे तिला सांगायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. तिने मध्येच विचारलं, "त्या मुलीची आई आहे?" मी म्हणालो, "आहे. पेपरात फोटो होता." ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने ती उठली. आतून बाहेर जायची साडी नेसून आली आणि चपला घालू लागली.

"चल," म्हणाली. "मी बोललेलं मीच परत घेते. त्या साहेबाला सांगते, म्हातारी चुकली. मला काय करायचंय ते करू देत."

मी खुर्चीतून उठलो नाही. मला भीती वाटली. तिच्यासाठी वाटली असं म्हणायला मला आवडेल. पण खरं सांगायचं तर त्या कागदावर आता माझीही सही होती.

"ऑफिस बंद झालं असेल, आई," मी म्हणालो.

"इतक्यात?"

"सरकारी ऑफिस आहे ते."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तिने नेहमीच ठेवलाय. चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि म्हणाली, "मग उद्या सकाळी. उघडायच्या आधी जाऊन बसू."

"हो," मी म्हणालो.

तेव्हा साडेचार वाजायचे होते. ऑफिस सहापर्यंत उघडं असतं, तशी पाटी मी येताना वाचली होती. आणि उद्या सकाळी तिला काय सांगायचं, हे मी तिथे खुर्चीत बसल्या बसल्या ठरवायला लागलो होतो.