बारीक मण्यांची वेल

मित्रांनो, मी एक जुनी द्राक्षवेल आहे. जात पिनो न्वार, रंग काळा, स्वभाव नाजूक. उन्हाचा तडाखा मला सोसत नाही. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या या गार उतारावर सोलांजच्या सासऱ्यांनी मला लावलं, त्याला सत्तर वर्षं झाली. सोलांज नवी नवरी होऊन आली आणि पहिल्याच छाटणीत तिने माझी नको ती काडी कापली. त्या वर्षी मला एकही घड आला नाही. तिने माझी माफी मागितली, तीही मोठ्याने. तेव्हापासून ती मला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

वय झालं, तसे माझे घड आखडले. मणी बारीक, काही तर वाटाण्याएवढेही नाहीत. सोलांजचा मुलगा तिबो द्राक्षशेती शिकून परतला आणि त्याने आमच्या अख्ख्या ओळीला लाल फिती बांधल्या. लाल फीत म्हणजे हिवाळ्यात उपटायची. मला फार वाईट वाटलं.

"आई, मूठभर घड देतात या. नुसत्या जागा अडवून बसल्यात."

"मणी बारीक म्हणून उपटायच्या? जन्मलास तेव्हा तूही दोन किलोचाच होतास. परत पाठवला का तुला?"

"दरवेळी माझं वजन काढतेस!"

तिबो काही ऐकेना. मग तोडणीच्या वेळी सोलांजने आमच्या ओळीची द्राक्षं वेगळी खुडली आणि एका लहान पिंपात त्यांची वेगळी वाइन केली. "तुझी भातुकली चालू दे," म्हणून तिबो हसला.

जानेवारीत द्राक्षमळ्यांचा राखणदार मानल्या जाणाऱ्या संताचा सण झाला आणि छाटणी सुरू झाली. आम्हाला सोमवारी उपटायचं ठरलं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी दुपारी माझ्याजवळच पाव आणि चीज खाताना सोलांजने एप्रनच्या खिशांतून दोन बाटल्या काढल्या. पहिली, बाकीच्या मळ्याची वाइन चाखून तिबोने 'ठीक' म्हणून मान हलवली. दुसरीचा घोट घेतला आणि त्याने बाटली उजेडात धरली.

"ही कुठली? वरच्या उताराची?"

"घे, अजून एक घोट घे."

"आई, सांग ना!"

"तू उभा आहेस ना, त्या ओळीची. सोमवारी उपटणार आहेस ती."

तिबोचे कान लाल झाले. सोलांजचे गुडघे आता वाकत नाहीत. ती पालथ्या क्रेटवर बसून होती. त्याने तिच्या हातातली कात्री घेतली आणि माझ्यापुढे गुडघे टेकले. खरं सांगते, मी घाबरले होते.

"किती डोळे ठेवू?"

"सहा."

त्याने काडीवरचे डोळे, म्हणजे नव्या फुटीचे कोंब, मोजले आणि कात्री चालवली.

"अरे, सहा म्हटलं होतं मी!"

"पाच पुरेत, आई. जास्त घडांचं ओझं नको, दमली असेल ती."

सोलांजने तोंड फिरवलं, जोरात नाक शिंकरलं आणि वाऱ्याला दोष दिला.

मित्रांनो, माझ्याकडून आता फार मागू नका, मी थोडंच देईन. पण कुणी थोडंच देत असेल, तर आधी ते चाखून बघा. माझं एवढंच मागणं आहे.