झेडपीएचएस

मला कशाचीच लाज वाटत न्हाई, असं मी गल्लीभर सांगत फिरायची. खिचडी शिजवते, कुणाच्या घरात चोरी तर करत न्हाई. नांदेडच्या बाहेर, नव्या वसाहतीच्या पार टोकाला आमची शाळा हाय. फाटकावर ठळक लिहिलंय, जिल्हा परिषद प्रशाला. पाचवी ते दहावी. मागच्या अंगाला माझी स्वयंपाकाची खोली. पोरं मला मावशी म्हणतात अन् मी त्यांच्यावर खेकसते, तरी तीच पोरं पुन्हा ताट घेऊन पुढं येतात.

माझी तनुजा ह्याच शाळेत. नववीला होती तवा शहरातल्या एका क्लासवाल्यांनी परीक्षा घेतली अन् हुशार म्हणून तिला फुकट घेतलं. एक दिवस पाण्याची बाटली घरीच विसरली. ऊन कसलं, नुसती आग! म्हणलं, लेकरू तहानंनं मरंल. गेले बाटली घेऊन. क्लासच्या दारात चारपाच पोरी स्कूटीला टेकून उभ्या होत्या, त्यात माझीबी.

त्यातली एक गोड हसली. "आंटी, तुम्ही तनुजाच्या मम्मी ना? झेडपीएचएसमध्ये ॲडमिशनला पेरेंट्सचापण इंटरव्ह्यू घेतात का हो? आमच्या स्कूलमध्ये घेतात."

"कुठल्या शाळंत म्हणलीस, बाई?"

"झेडपीएचएस!"

मी तनुजाकडं बघितलं. तिनं माझा दंड धरला अन् मला फरफटतच रस्त्याला आणलं.

"काय गं हे झेडपीएचएस?"

"आपलीच शाळा."

"आपली?"

"झेड पी. एच एस. जिल्हा परिषद हायस्कूल. इंग्लिशमधी तसंच म्हणतात. मी खोटं कुठं बोलले?"

आधी मला हसूच आलं. अगं बया, काय डोकं चालवलं पोरीनं! आमची खिचडीची शाळा, तिला पार विलायतंला नेऊन ठेवली. मग हसू गेलं अन् डोकं तापलं.

"भवाने, ज्या शाळंच्या जिवावर आपल्या घरात चूल पेटते, तिची लाज वाटती व्हय तुला?"

"तुला न्हाई वाटत?"

"मला? अगं, मी छाती ठोकून सांगते."

"मग वीरूला टाय कशाला बांधतीस रोज?"

वीरू म्हंजे वीरेश, माझा धाकला, चौथीला, इंग्लिश शाळंत. सकाळी पिवळी व्हॅन येते त्याला न्यायला. तनुजाच्या टायमाला घरात इंग्लिश शाळंचा विषयसुद्धा निघाला न्हाई. वीरेशच्या टायमाला आमचे मालक म्हणले, "एक तरी लेकरू साहेब होऊ दे." ते ऑटो चालवतात, दिवसभर साहेबलोकांना नेतात-आणतात. पण सगळं मालकांवर कशाला ढकलू? हौस मलाच जास्त होती.

तनुजा रस्त्यातच बोलत सुटली. "मी पोरगी म्हणून झेडपी, तो पोरगा म्हणून इंग्लिश. अन् वर मलाच शिकवतीस. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून."

मी हात उचलला होता. पण भर रस्ता होता, म्हणून खाली घेतला. "गप बस, लई शेफारलीस," एवढंच म्हणाले.

त्याच महिन्यात शाळंत वेगळीच काळजी सुरू झाली. पाचवीला पोरंच मिळंनात. चौथी झाली की आईबाप लेकरू उचलतात अन् व्हॅनमधी बसवतात. पाचवी बंद पडली की पुढल्या साली सहावी, असं करत करत शाळंला टाळंच. धम्मानंद सर गणित शिकवतात, माणूस लई कळकळीचा. उन्हातान्हात दारोदार हिंडले. शेवटी त्यांनी इथल्याच एका मोबाईल चॅनलच्या पोरीला बोलावलं. म्हणले, "आपल्या शाळेची ओळख करून द्यायची. लोकांनी बघितलं तर येतील."

सरांनी बोलायला तनुजाला निवडलं. ती म्हणाली, मी न्हाई बोलणार, क्लासच्या पोरी बघतील. मी लई बोलले तिला. गोड बोलले, कडू बोलले, शेवटी म्हणाले, "आईच्या पोटची असशील तर फाटकावर लिहिलंय ते नाव घेशील." पोरगी रात्रभर रुसली अन् सकाळी वेणी घालून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

"मी तनुजा मल्लिनाथ. मी जिल्हा परिषद प्रशालेत शिकते. माझी आई इथंच पोषण आहार शिजवते." शाळंचं अख्खं नाव घेतलं बघा. आवाज जरा कापला, पण मान खाली घातली न्हाई. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्या चॅनलच्या पोरीनं माईक माझ्यापुढं धरला. "मावशी, तुमची सगळी मुलं इथंच?"

बाजूला धम्मानंद सर उभे. त्यांना ठाऊक होतं. त्यांची लेक अन् माझा वीरेश एकाच व्हॅनमधी जातात. सर बुटाकडं बघायला लागले.

"हाव तर!" मी म्हणाले. "तनुजा इथंच. अन् धाकला वीरेश आता पाचवीला इथंच येणार हाय. घरचं सोडून दुसरीकडं कशाला जायचं?"

कसं निघालं तोंडातून, माझं मला कळलं न्हाई. न्हाई, कळलं. चांगलंच कळलं. लोक ऐकतेत म्हणलं की जीभ आपोआप सैल सुटते. तनुजानं झटकन माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, आईनं ठरवलं! तिचं तोंड असं उजळलं की मला तिच्याकडं बघवंना.

घरी येऊन मी मालकांना विचारलं, आता बोलून बसलेय तर वीरूला काढायचा का तिथून? ते म्हणले, "येडी झालीस का? कॅमेऱ्यापुढं माणूस काहीबी बोलतं." ते न्हाई म्हणले अन्, खरं सांगते, मला बरं वाटलं.

व्हिडिओ लई फिरला. क्लासमधी पोरी तनुजाला 'खिचडी' म्हणायला लागल्या. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी डबा भरून पुन्हा क्लासला गेली. अन् उन्हाळ्यातच आमच्या शेजारची सिंधु आली. ब्लाउज शिवते, नवरा पुण्याला कामाला. तिची ऋतुजा वीरेशच्याच वयाची, तिलाबी व्हॅनच्या शाळंत घालायचं चाललं होतं.

"शिवकांताताई, मी मोबाईलवर बघितलं तुम्हाला," ती म्हणाली. "मनात म्हणलं, जी बाई त्या शाळंच्या पोटात राहते ती आपला पोरगा तिथं घालते, तर काहीतरी बघूनच घालत असंल. आजच नाव घालून आले ऋतुजाचं प्रशालेत. दोघं मिळून जातील-येतील, मला घोर न्हाई."

तिला तवाच सांगायचं होतं. तोंड उघडलंबी होतं. पण ती इतकी निवांत बसली होती, हातात माझाच चहाचा कप. मी म्हणाले, "साखर कमी तर न्हाई ना पडली?"

शाळा उघडली त्या दिवशी वीरेशला मी अंधारातच उठवलं. टाय बांधला अन् व्हॅन दारात येऊ नये म्हणून त्याला मागच्या बोळातून पार पुलापर्यंत नेऊन सोडलं. तो म्हणाला, "मम्मी, आपण लपून का जातोय?" मी म्हणाले, "चाल गुमान." सिंधुनं दारात येऊन हाक मारली तवा मी शाळंत पोचले होते.

पाचवीला पोरं बसली बघा. वर्ग वाचला. धम्मानंद सर खुशीत येऊन म्हणले, "मावशी, तुमच्या एका वाक्यानं काम केलं." अन् लगेच पुढं निघून गेले, माझ्याजवळ थांबले न्हाईत.

दुपारी रांग लागली. तनुजा आता दहावीला, खिचडी आठवीपर्यंतच मिळते, पण ती पाण्याच्या टाकीपाशी बाटली भरत उभी होती. रांगेत ऋतुजा आली. नवा गणवेश, बाह्या लांब, ताट दोन्ही हातांत. तिनं माझ्या मागं खोलीत वाकून बघितलं.

"मावशी, वीरेश कुठं हाय? मी सकाळपासून त्याची जागा धरून ठेवलीय. एक पोरगा बसत होता, त्याला उठवलं मी."

माझा हात पातेल्यातच राहिला. तनुजाची बाटली भरून वाहायला लागली होती, पण ती नळ बंद करंना. माझ्या तोंडाकडंच बघत होती.

"त्याला ताप हाय गं, बाई," मी म्हणाले.

"मग उद्या येईल?"

"येईल."

ऋतुजा ताट घेऊन वळली अन् वर्गातल्या पोरींना ओरडून म्हणाली, "ए, उद्या येणार हाय तो! कुणी बसू नका तिथं!"

तनुजानं नळ बंद केला. माझ्याजवळ आली. मला वाटलं आता चारचौघांत बोलणार, अन् बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली मान घालून उभी राहिली. ह्या पोरीला आजवर शाळंची लाज वाटायची, ती मीच तिच्याकडून भांडून काढून घेतली होती. आता तिला माझी वाटत होती.

रांगेतल्या पुढच्या पोरानं ताट वाजवलं. "मावशी, वाढा की!"

मी वाढलं. वर्गात खिडकीजवळच्या बाकावर ऋतुजा एका कडेला सरकून बसली होती, अन् शेजारच्या मोकळ्या जागेवर तिनं आपलं दप्तर ठेवलं होतं.