सरकत्या जिन्याची ट्रायल

सिंधूताईंच्या नवऱ्याला ट्रायलचं वेड होतं, आणि ते काही म्हातारपणी लागलेलं नव्हतं. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर सारी नोकरी गेली धम्मानंदजींची. तिथला कायदा असा, की दुरुस्त झालेलं मशीन ट्रायल घेतल्याशिवाय चालू करायचं नाही, आणि ट्रायल झाली की वरच्या साहेबाला रिपोर्ट द्यायचा. बरं, रिटायर होताना तो कायदा माणसानं कोराडीतच ठेवून यावा की नाही? नाव नको! घरात नवा कुकर आला, की आधी नुसत्या पाण्यावर ट्रायल. मुलाच्या लग्नात मांडववाल्यानं आणलेल्या एकेका खुर्चीवर हा माणूस बसून पाहत होता, आणि व्याही टकमक बघत होते. सिंधूताई चारचौघांत म्हणायच्या, "लगनाच्या आंधी माही ट्रायल नाही घेतली, हेच नशीब समजा." लोक हसायचे. धम्मानंदजी हसायचे नाहीत, त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचंच नाही.

तेव्हा दिल्लीची गोष्ट निघाल्यावर पुढे काय होणार हे ठरलेलंच होतं.

गोष्ट काढली ती प्रीतमनं. एकुलता एक मुलगा, बंगलोरला मोठ्या कंपनीत, बायको अदितीही तिकडेच नोकरीला. नागपूरला यायचा तो कोणाच्या तरी लग्नालाच. म्हणजे पोरगा हॉलमध्ये दिसायचा आणि घरी त्याची बॅग दिसायची. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "बाबा, डिसेंबरात तुम्हाला दिल्ली दाखवतो. तुम्ही गाडीनं या, मी इकडून विमानानं येतो. अदितीला सुट्टी नाही, पण चालेल. चार दिवस आपण तिघंच."

आपण तिघंच! सिंधूताईंनी ते शब्द दिवसभर मनात घोळवले. भांडी घासताना घोळवले, कपडे वाळत घालताना घोळवले.

लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, अशी यादी प्रीतमनं फोनवर पाठवली. धम्मानंदजींनी त्यात एकच भर घातली, अलीपूर रोडची. बाबासाहेबांनी जिथं शेवटचा श्वास घेतला, ते ठिकाण. धम्मानंदजींचे वडील नत्थूजी छप्पन साली पांढरे कपडे घालून दीक्षेला गेले होते, आणि दोन महिने होत नाहीत तो दिल्लीहून ती बातमी आली होती. एक डाव जाऊन येतो, एक डाव जाऊन येतो, असं म्हणता म्हणता नत्थूजीही गेले. "माह्या बापाचं राहूनच गेलं," धम्मानंदजी फोनवर म्हणाले. "आता तू अन् मी सोबत उभे राहू तिथं." एवढं लांब ते मुलाशी कधी बोलत नसत. बोलून झाल्यावर फोन बायकोच्या हातात देऊन ते उगाच नळ बंद आहे का पाहून आले.

सिंधूताईंना खरं सांगायचं तर लाल किल्ल्याचं काहीच पडलेलं नव्हतं. पोरगा चार दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत डोळ्यांपुढे राहणार होता. त्यासाठी त्या दिल्लीच काय, सावनेरच्या बसस्टँडवरही चार दिवस बसून राहिल्या असत्या. कोराडीच्या कॉलनीत कसं, भिंतीपलीकडच्या बाईनं फोडणी दिली की इकडे शिंक यायची. रिटायर झाल्यावर नागपुरात इंदोऱ्याला घर बांधलं, वरच्या दोन खोल्या प्रीतमसाठी म्हणून काढल्या. त्या रोज झाडायच्या, पुसायच्या आणि कुलूप लावून खाली यायचं. जेवताना टीव्ही लावावा लागे, नाहीतर एकमेकांचं चावणं ऐकू येई. कधीकधी असं एकटं वाटायचं, की दुधाची पिशवी टाकणाऱ्यालाही त्या उगाच थांबवून विचारायच्या, गाडी बदलली का रे म्हणून.

पुढच्या रविवारी प्रीतम म्हणाला, "आईचंच थोडं टेन्शन आहे. दिल्लीत मेट्रोनं फिरायचं म्हणजे पावलोपावली सरकते जिने. आणि आईला तर त्याची भीती. आठवतं ना बर्डीच्या मॉलमध्ये काय झालं होतं?"

आठवत होतं. सिंधूताई जिन्याच्या तोंडाशी अशा गोठून उभ्या राहिल्या होत्या, की मागं ही रांग लागली. शेवटी प्रीतमनंच हात धरून वर नेलं होतं. त्याचा हात गरम होता. तेही आठवत होतं.

"जाऊ दे," प्रीतम हसून म्हणाला, "मी आहेच धरायला."

सिंधूताईंनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या भित्रेपणाचं बरं वाटलं. पण बाजूला धम्मानंदजी ताठ बसले होते, आणि त्यांचे डोळे चमकत होते. फोन ठेवल्याबरोबर म्हणाले, "पोरावर लोड काहून टाकाचा? ट्रायल घेऊ!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा झाला की इंदोरा चौकातून मेट्रो आणि सीताबर्डीला उतरून सरकता जिना. "मधात पाय ठेव. पिवळ्या रेषेवर नाही. नजर वर," धम्मानंदजी सांगत. "पायाखालची जमीन पळून राहिली अन् म्हणे नजर वर!" सिंधूताई करवादत. कधी चप्पल निसटली, कधी पदर आवरता आवरता पायरी निघून गेली, कधी कॉलेजच्या पोरी 'चला ना आंटी' म्हणत बाजूनं चढून गेल्या. पण बाईचा पाय शेवटी शेतातल्या धुऱ्या-बांधावरून चाललेला होता. हळूहळू बसला. आणि एका सकाळी सिंधूताई कठड्याला हात न लावता, हातात पिशवी घेऊन, सरळ वर गेल्या. वर पोचून त्यांनी मागं पाहिलं तर नवरा खालून मोबाइलवर शूटिंग करत होता.

"पोराले पाठवतो," ते म्हणाले.

"काहून? राहू द्या ना."

"रिपोर्ट द्याच लागते वं." आणि त्यांनी खाली 'ट्रायल ओके' लिहून व्हिडिओ पाठवूनही दिला. मग रोजचंच झालं. फोनवरून तिकीट काढलं, ओके. गाडी बदलली, ओके. झीरो माइलपर्यंत पायी गेले, आईचे गुडघे ओके. प्रीतमकडून टाळ्या वाजवणारे हात यायचे. सिंधूताईंना ते हात आवडायचे नाहीत. का, ते त्यांना उमगत नव्हतं.

ते उमगलं एका रविवारी. दिल्लीच्या गाडीत सांभारवडी न्यायची, पण इतक्या दिवसांनी हात बसलेला आहे की नाही, म्हणून त्यांनी स्वतःच ट्रायल म्हणून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मोठी जुडी निवडायला घेतली होती. नवऱ्याची लागण, दुसरं काय! तेवढ्यात प्रीतमचा कॉल आला.

"जय भीम बाबा! आई, तुझा व्हिडिओ ऑफिसात सगळ्यांना दाखवला. काय कॉन्फिडन्स आहे म्हणाले!" मग म्हणाला, "ऐका ना. डिसेंबरात माझं कामाचं फार अडकलंय. मी तर सगळं कॅन्सलच करणार होतो. पण तुमचं पाहून वाटलं, अरे, यांना माझी गरजच कुठं आहे! हॉटेल केलंय, दारात गाडी आणि ड्रायव्हर राहील. मस्त फिरा दोघं. आणि बाबा, अलीपूर रोडवरून व्हिडिओ कॉल करा हं. मी इथून बघीन."

धम्मानंदजी म्हणाले, "हो हो. टेन्शन नको घेऊ. आमचं आमी पाहू." जय भीम झालं, फोन बंद झाला.

सिंधूताईंच्या हातातली काडी तशीच राहिली. मग जो भडका उडाला! "घ्या! द्या अजून रिपोर्ट! ओके, ओके, ओके! पोरगं धराले येत होतं मले, त तुमी मले चढाले शिकवलं!" बोलता बोलता त्या रडू लागल्या, आणि रडताना सांभाराची पानं मांडीवरून खाली सांडली.

धम्मानंदजी वाद घालतील असं त्यांना वाटलं होतं. ते घालत नव्हते. खाली बसून एकेक पान उचलत होते. शेवटचं पान जुडीत ठेवून म्हणाले, "मले समजाले पायजे होतं वं. सारी नोकरी पाह्यलं मी. ज्या मशीनचा रिपोर्ट ओके, तिच्याकडं साहेब फिरकत नाही. बिघडली त धावत येते." त्यांचा आवाज असा पडलेला सिंधूताईंनी सासऱ्याच्या मैतानंतर पहिल्यांदाच ऐकला. सिंधूताईंचा राग तिथंच विरला आणि नुसतं वाईट वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर धम्मानंदजी म्हणाले, "चाल, बर्डीले." आता कशाला, हे त्यांनी सांगितलं नाही. जिन्यापाशी पोचल्यावर मोबाइल काढला आणि दुसरीकडे पाहत बोलले, "आज तू घाबर. मागं सरक. नाही जमत म्हण. मी शूट करतो."

सिंधूताई पाहतच राहिल्या. बॉयलरच्या आकड्यात ज्यानं कधी कोणासाठी फरक केला नाही, तो माणूस कानापर्यंत लाल होऊन उभा होता. त्यांना त्याची कीव आली आणि मायाही आली. म्हणाल्या, "बरं."

काय अवघड होतं त्यात? इतके दिवस खरंखुरं घाबरल्या होत्या, तेच पुन्हा करायचं. तोंडावर पदर धरायचा, एक किंकाळी मारायची, मागं सरायचं. त्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "चलो माताजी," आणि सिंधूताईंचा पाय आपोआप उचलला गेला. मधोमध पडला. नजर वर. त्या वर चालल्या. खाली हात उंच करून मोबाइल धरलेला नवरा लहान लहान होत गेला, मध्ये माणसं आली, मग तो दिसेनासाही झाला.

वर जाऊन त्या खांबाला टेकल्या. भीती कुठं आहे म्हणून त्यांनी छातीत शोधलं, तर ती नव्हती. हक्काची एक भीती होती, पोरानं हात धरावा एवढं तिच्यात बळ होतं, आणि तीही हातची गेली. शिकून बसलो, आता काय करायचं, असं वाटून त्यांना मेलं हसूही आलं आणि डोळेही भरले.

धम्मानंदजी वर आले. "पुन्हा घेऊ?"

"नको. लबाडी मले जमत नाही, अन् तुमाले त मुळीच नाही. द्या तो फोन." रेकॉर्डिंगचं बटण त्यांनी नवऱ्याला दाबायला लावलं आणि फोन तोंडाजवळ धरून, स्टेशनच्या गलक्यात, मोठ्यानं बोलल्या, "प्रीतम, आई बोलून राहिली. आमाले सारं जमते गा. जिना जमते, मेट्रो जमते, दिल्लीबी जमन. जमते तरी तू ये. तुले पाहाचं हाय म्हणून ये. तुह्या बाबाले तुह्यासंग तिथं उभं राहाचं हाय म्हणून ये. बस."

मेसेज पाठवून दोघं बाकावर बसली. एक गाडी आली, गेली. धम्मानंदजी चष्मा पुसत राहिले. दुसरी गाडी येत होती तेवढ्यात फोन वाजला. प्रीतमचा मेसेज होता.

"आई, काय झालं? बरी आहेस ना? बीपी पाहिलं का? बाबांना म्हणावं आजच डॉक्टरकडे घेऊन जा. खरंच काही असेल तर लगेच सांग, मी संध्याकाळच्या फ्लाइटनं निघतो."

सिंधूताईंनी तो वाचला, फोन नवऱ्यापुढे धरला. त्यांनीही वाचला. बरं नाही म्हटलं असतं तर पोरगा आज जेवायला घरी असता. वरच्या खोलीचं कुलूप निघालं असतं. दोघांनाही ते कळलं, आणि दुसऱ्यालाही कळलंय हेही कळलं.

"काय लिहू?" शेवटी धम्मानंदजींनी विचारलं.

सिंधूताईंनी पदरानं तोंड पुसलं. "लिहा," त्या म्हणाल्या, "ओके."

त्यांनी एका बोटानं, सावकाश लिहिलं आणि पाठवलं. तिकडून लगेच अंगठा आला.