करंजाला जाऊन आलेली व्हॅनिटी

मी दाजींची कॅरॅव्हॅन बोलतेय. आमच्या ओवे गावात मात्र या नावाने मला कोणी ओळखत नाही. सिनेमातल्या नटनट्यांची असते तशी गाडी म्हणून सगळे मला 'व्हॅनिटी'च म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ पोकळ दिमाख असा आहे म्हणे. माझा धनी पाहता गावाने बारसं अचूक केलं.

माझा जन्म कळंबोलीचा. लोखंडबाजाराच्या मागल्या गल्लीत, एका गॅरेजात माझा सांगाडा उभा राहिला. आजूबाजूला ट्रक उभे असायचे. चिखलाने माखलेले, पाठीवर सळ्या वाहून वाकलेले, पण कामाचे. माझ्या पोटात मात्र पलंग, फ्रिज, टीव्ही, छोटा ओटा आणि एक संडास बसवला. संडासाच्या दाराला कडी लावताना मिस्त्री मानेत फोन धरून कुणाशी तरी भांडत होता. कडी तिरकी बसली. कुणी पाहिली नाही. माणसं चकचकीत वस्तूकडे बघताना डोळे दिपवूनच घेतात.

दाजी बंदरावर सुपरवायझर होते. निवृत्त झाले, आणि सकाळी उठल्यावर आपल्याला कोणी सलाम ठोकत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या दुःखावर औषध म्हणून मला आणलं. दारात मांडव, बँजो, माझ्या नाकाला झेंडूचा हार. मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'दाजींचा थाट' असं लिहून घेतलं.

आणि मग तो थाट दारातच उभा राहिला.

गावात कुणाची हळद असली की पाहुण्यांना माझा संडास दाखवायला आणत. भरजरी कपड्यांतली माणसं रांगेने संडासात डोकावून "वा, दाजी, वा!" म्हणताना मी पाहिली आहेत. माणसाच्या जातीविषयी मला तेव्हापासून फारसा आदर उरलेला नाही. चार्जिंगला लावल्यासारखे दाजी माझ्या पायरीवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमी आता भारत फिरनार हाव." भारत राहू द्या, मी कधी खारघरचा पूलही ओलांडला नव्हता. पलंगाखाली कांदे भरले होते.

ते कांदे गोदूबायचे. दाजींची बायको. या घरात मला तिचा एकटीचाच राग येत नसे, कारण तिने माझं कौतुक कधी केलं नाही. तिचं माहेर खाडीकाठचं करंजा गाव. तिथे तिचा थोरला भाऊ विठू राहतो. ती त्याला दादूस म्हणते. विठूच्या मुलीच्या लग्नात मानाचा फेटा आधी दुसऱ्याच जावयाला बांधला गेला. दाजी जेवणाच्या पंगतीतून उठले. त्या दिवसापासून करंजाचं नाव घरात निघालं नाही आणि गोदूबायचं माहेर तुटलं. एका फेट्यासाठी! कापडच ते. माझ्या खिडक्यांना त्याहून जास्त लागलंय.

या माघात विठू आजारी पडल्याचं गोदूबायच्या कानावर आलं. तिने दाजींना वेगळंच सांगितलं.

"गाडी घेतलीत, तर एकदा पान्याच्या काठाला तरी न्या मना. तिकडं करंजाच्या अलीकडं खाडीवर कॅम्प झालाय. परदेशातल्यासारखा हाय म्हनं."

'परदेश' या शब्दावर दाजी भुलले. मुलगा भावेश गाडी चालवत होता, दाजी बाजूला गॉगल लावून बसले होते. गव्हाणफाट्याच्या पुढे कंटेनरांच्या गर्दीत माझी चाकं पहिल्यांदा मनासारखी फिरली. खरं सांगते, मला आवडलं. दोघांना कॅम्पवर सोडून भावेश रिक्षाने माघारी गेला.

कॅम्प म्हणजे खाडीलगत थोडी सपाट जागा, प्लॅस्टिकची हिरवळ, चार रंगीत तंबू. तंबूंत मुंबईची पोरंपोरी होती. ती माझ्याभोवती गोळा झाली आणि दाजींची छाती फुगली. भरतीचं पाणी पन्नास पावलांवर चमकत होतं. दाजींनी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढले, आत आले, एसी लावला, पडदे ओढले आणि टीव्ही सुरू केला. ओव्यातल्या घरात जे बघत होते, तेच.

गोदूबाय मात्र बाहेर खुर्ची टाकून बसली. समोर करंजाच्या होड्या दिसत होत्या. सुकटीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलंच.

"एवढं आलोय, तर दादूसला बघून येऊ का?"

"त्याच्या दारात माझा पाय लागनार नाय."

"तुमचा नको. माझा जाऊ दे."

"बाईचा पाय काय वेगला असतो? नाय म्हनलं ना!" असं म्हणून दाजी तोऱ्यात संडासात शिरले आणि दार आपटलं.

तिरकी कडी खाली पडून अडकली, ती अडकलीच.

आधी खडखड झाली. मग धक्के. मग आतून बारीक आवाज आला, "गोदू, ए गोदू. दार उघडत नाय गो."

गोदूबायने ओढून पाहिलं, चमचा घालून पाहिला. "थांबा, त्या पोरांना बोलावते. दोघं-तिघं मिलून काढतील."

"खबरदार! कुनाला बोलवू नकोस!" दाजी आतून ओरडले आणि लगेच आवाज खाली आणला. "व्हिडिओ काढतील ती पोरं. सगल्या पनवेलात फिरंल. भावेशला फोन कर. मिस्त्री घेऊन येईल तो."

"त्याला यायला दुपार होईल."

"होऊ दे. मी बसतो."

गोदूबायने भावेशला फोन केला. मग केस सारखे केले, लुगडं नीट केलं आणि दारापाशी येऊन म्हणाली, "बरं तर, तुमी बसा. मी करंजाला जाऊन येते."

"गोदू!"

"वरडू नका. पोरं ऐकतील."

ती गेली. पायरी उतरताना तिचा पाय क्षणभर थबकला, मला जाणवलं. पण मागे वळली नाही. आत माझा धनी कमोडच्या झाकणावर बसून होता, आणि बाहेर पोरं माझ्यासमोर उभी राहून फोटो काढत होती. एकदा एका मुलीने काचेवर टकटक केलं, "अंकल, आतून बघू का?" तेव्हा दाजींनी श्वासही रोखून धरला. त्यांच्याविषयी मला काडीची दया आली नाही.

ऊन चढल्यावर गोदूबाय रिक्षाने परतली, ती भावाला घेऊन. विठू काठी टेकत, दम खात वर चढला. बरगड्या मोजाव्यात असा झालेला. पलंगावर टेकला आणि संडासाच्या दाराकडे बघून म्हणाला, "भावजी, बरे हाव ना?"

इतकी वर्षं न बोललेला माणूस आता काय बोलणार, म्हणून मीही कान टवकारले.

"गोदू," शेवटी आतून करडा आवाज आला, "पावन्याला चा दे."

विठू हसला. हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या दिवशी फेटा पोरांनी बांधला भावजी. मी मांडवात नव्हतोच. मुलगी सासरी जानार म्हनून मागच्या दारी रडत होतो."

"मग तवाच का नाय सांगितलंस?"

"तुमी फोन कुठं उचललात?"

गोदूबाय ओट्याशी उभी होती. चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही.

दुपारी भावेश मिस्त्रीला घेऊन आला, दार निघालं. दाजी घामाने निथळत बाहेर आले, विठूकडे पाहिलं आणि कपाळ पुसत म्हणाले, "लय उकडतंय." एवढीच समेटाची भाषा. त्या रात्री जेवण करंजाला झालं. मला कॅम्पवरच ठेवून गेले.

ओव्यात परतल्यावर दाजींनी पायरीवर बसून सर्वांना सांगितलं, की मोठ्या मनाने मीच गेलो मेव्हण्याकडे, माणसाने माफ करायला शिकावं. मला हात असते तर तिथेच हॉर्न वाजवला असता. हॉर्न आहे, पण तो दाबायला माणूस लागतो.

विठूचं दुखणं वाढलं तशी गोदूबाय त्याच्याकडे राहायला गेली. परवानगी मागितली नाही. पिशवी भरली आणि रिक्षात बसली. आता सून कामावर, मुलगा कामावर, घरात दाजी एकटे. काल संध्याकाळी दाजी माझ्यात येऊन बसले. टीव्ही लावला नाही. बराच वेळ फोन हातात धरून मग लावला.

"कवा येशील?"

"दादूस उठून बसला की." तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"मी येऊ का तिकडं? गाडी घेऊन येतो. आरामात राहता येईल."

"गाडी नको. तुमी या."

आज सकाळी दाजी साध्या चपला घालून, हातात पेरूंची पिशवी घेऊन फाट्याकडे चालत गेले. गॉगल विसरले, की ठेवला, कोण जाणे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी आयुष्यभर त्यांच्या थाटाला हसले. पण तो थाट म्हणजे मीच होते, हे आज दारात एकटी उभी राहिल्यावर कळतंय. लोकहो, तुमच्यापैकी कुणाला खरंच कुठे जायचं असेल, तर मला न्या. दाखवायला नको, जायला न्या. नाहीतर कळंबोलीला नेऊन माझे पत्रे तरी मोकळे करा. एखाद्या ट्रकच्या कामी येतील.